बाबगोंडाच्या तांब्यातली अंडी

बाबगोंडा पाटलाला आमच्या गावात अजून पैलवान म्हणतात ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. कसला पैलवान. त्याला पाच महिने जिनं खुराक पाजला ती माझी पणजी, गुणाबाई, तिचं नाव कुणी घेत नाही. म्हणून एकदा सांगूनच टाकतो.

निपाणीच्या पलीकडं वेदगंगेच्या काठाला आमचं गाव. साल छत्तीस. मारुतीच्या देवळापुढं, तालमीच्या दारात एक काळी दगडी गोटी, म्हणजे ताकद आजमवायचा गोल धोंडा, पडलेली असायची. लई गुळगुळीत, बोटं अडकवायला कुठं खाच नाही. कर्नाटकी बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, जो गडी ती गोटी उचलून खांद्यावर घेईल, त्याची बैलं पहिली कर तोडायला जायची. कर म्हणजे वेशीत आडवं बांधलेलं तोरण. ते तोडायच्या मानासाठी माणसं वर्षभर जोर-बैठका मारायची.

बाबगोंडा तीन वर्षं त्या गोटीला भिडत होता. छातीपर्यंत यायची आणि धाडकन खाली. चौथ्या वर्षी संक्रांतीला तालमीचा वस्ताद नागोजी सगळ्यांपुढं म्हणाला, औंदा जमलं तर ठीक, न्हायतर परत गोटीला हात लावायचा न्हाय. वर आणि अक्कल शिकवली, "दुधा-हुलग्यावर गोटी छातीपतूर येती रं. खांद्यावर न्यायला अंडं लागतं."

आता हा नागोजी. स्वतः जन्मभर अंडी खाऊन त्यानं गोटी गुडघ्याच्या वर कधी नेली नव्हती. पण हे तोंडावर विचारायला बाबगोंडाला डोकं कुठलं? सगळं मांस दंडात गेलेलं.

बाबगोंडा जैन. घरात कांदा नाही, बटाटा नाही, दिवस बुडाला की चूल बंद. त्याची आई अक्काताई तर जळणाचं लाकूडसुद्धा मुंगी बघून, झटकून मग चुलीत सारणारी. ह्या घरातला हा वाघ दुसऱ्या दिवशी धोतराच्या सोग्याखाली पितळेचा तांब्या लपवून आमच्या दारात. आमचं घर त्यांच्या बांधाला लागून, परसात दहा-बारा कोंबड्या. पणजोबा रवळू शेतात गेलेले बघूनच आला होता. पणजीला म्हणाला, वहिनी, रोज ह्यात धा अंडी फोडायची, दुधात घुसळायची, मी डोळं झाकून पितो, ह्या कानाचं त्या कानाला कळू द्यायचं न्हाय. आणि एक अट घातली. दिवस मावळायच्या आत द्यायचं. म्हणजे पाप करायचं, पण ते टायमात. तांब्याही घरचाच, आमचं भांडं चालायचं नाही.

पणजी हो म्हणाली आणि रात्रभर कूस बदलत राहिली. त्या घराचं ताक आमच्या घरात रोज यायचं, आमच्या तंबाखूच्या रोपाला पाणी त्यांच्याच विहिरीचं. त्या म्हातारीच्या पोराचा धरम आपल्या हातानं बुडवायचा हे तिला काही जमेना. आणि नाही म्हणावं तर हा बैल दुसऱ्या कुणाच्या दारात जाऊन पिणार.

मग तिनं काय केलं? भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, चिमूटभर हळद, आणि रात्रभर भिजवलेला जवस. भिजलेल्या जवसाची जी चिकट बुळबुळ सुटते ना, ती वस्त्रातनं गाळून घ्यायची आणि सगळं दुधात घुसळायचं. पिवळं, बुळबुळीत, घशाखाली उतरताना अंगावर काटा आणणारं. बाबगोंडानं जन्मात अंडं फोडलेलं बघितलं नव्हतं. त्याला काय कळणार? नाक दाबून प्यायचा, मिशा पुसायचा आणि तालमीत जाऊन दंड थोपटायचा. कोंबड्यांची अंडी आमच्या घरातल्यांनी खाल्ली. आमचं काही वाईट झालं नाही.

बेंदराला गोटी खांद्यावर गेली. नुसती गेली नाही, ती घेऊन गड्यानं मारुतीला एक फेरी मारली. बैलं पहिली सुटली, वाजंत्री लागली, नागोजी मिशीत हसत सगळ्यांना सांगत सुटला की सल्ला कुणाचा होता ते विचारा त्याला. बाबगोंडाही आठ दिवस फेटा उतरवायला तयार नव्हता. खुराक काय घेतलास विचारलं की नुसता हसायचा.

मग भाद्रपद आला. पर्युषण लागलं. पाचव्या दिवशी उपास करून बस्तीत, म्हणजे त्यांच्या मंदिरात, बसलेला हा गडी सगळ्या समाजापुढं ढसाढसा रडायला लागला. मी अंडी खाल्ली म्हणाला. इथपर्यंत ठीक, मी त्याला माफ केलं असतं. पण पुढं काय म्हणाला? गुणावहिनीनं चारली. मी नगं म्हणत हुतो, तिनं चारली.

लाज वाटायला पाहिजे होती. गोटी उचलणारा खांदा स्वतःच्या एका चुकीला पुरला नाही. त्याच दिवशी ताक बंद झालं, दुसऱ्या दिवशी विहिरीवर आमची मोट लावू दिली नाही. तंबाखूची कोवळी रोपं माना टाकायला लागली. पणजोबा म्हणाले, जाऊ दे, मोठ्यांशी भांडून काय मिळतंय.

पणजी जाऊ देणारी नव्हती. तिसऱ्या दिवशी ती पीठ, हळद, जवसाचं वाडगं आणि दूध घेऊन बस्तीच्या पायरीशी गेली. आत पाऊल टाकलं नाही. बाबगोंडाचा तो पितळेचा तांब्या आमच्याकडंच राहिला होता, तो पुढं ठेवला आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्यात घुसळलं.

"आक्का, तुमच्या लेकानं पाच म्हैनं ह्येच पिलंय. कोंबडीचं पीस बी न्हाय ह्यात."

कुणी हात पुढं करेना. मग अक्काताई उठली. आधी बोट बुडवून चाटलं, मग तांब्या उचलून निम्मा संपवला. पदरानं तोंड पुसून म्हणाली, "गुणे, वाईच गूळ घालायचीस गं."

संध्याकाळी ताक आलं. विहीरही मोकळी झाली.

आता कुणालाही वाटेल बाबगोंडा नाचला असेल. पाप झालंच नाही, गोटी तर गेली खांद्यावर. पण तो पायरीवर पांढराफटक होऊन उभा होता. पणजीला एवढंच म्हणाला, "म्हंजे मी नुस्त्या डाळीवर उचलली व्हय?"

"व्हय."

त्यानं त्या दिवसापासनं पणजीशी बोलणं टाकलं. म्हणे फसवलं. ज्या बाईनं धरम वाचवला तिच्यावर राग, आणि ज्या नागोजीनं खड्ड्यात घातलं त्याच्या पाया पडणं चालूच.

पुढच्या बेंदराला पणजी तांब्या भरून तालमीच्या दारात उभी होती. गूळ घालून. बाबगोंडानं तिच्याकडं बघितलं, तोंड फिरवलं आणि तसाच गोटीला भिडला. छातीपर्यंत आली. तिथं थरथरली आणि त्याच्या हातातनं सुटून खाली मातीत बसली. मरेपर्यंत तो सांगत राहिला की त्या बाईनं माझी ताकद काढून घेतली.

गोटी पडली त्या दिवशी पणजीनं जरा वेळ वाट बघितली. मग तांब्या घेऊन कडेला बांधलेल्या त्याच्याच बैलांकडं गेली आणि त्यांना पाजला.