अंबडचा शनिवार

वाल्मीक अहिरे त्र्याण्णव साली सटाण्याहून डिप्लोमा घेऊन आला आणि नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात चिकटला. पंधरा वर्षांत जागा बदलली ती एकदाच, मशीनवरून कॉम्प्युटरच्या केबिनमध्ये. लग्न राहून गेलं. बरोबरीचे एकेक करून पुण्याला गेले, आणि पहिल्या दोन दिवाळ्यांचे फोन झाल्यावर तेही थांबले.

केबिनमध्ये तो कारखान्यासाठी फ्लेक्स नावाची प्रोग्रॅमिंगची प्रणाली वापरून स्क्रीन बनवायचा. ब्राउझरमध्येच चालणाऱ्या, पण जणू कॉम्प्युटरवर बसवलेलं सॉफ्टवेअरच वाटावं अशा. ऑर्डर माउसने उचलून दुसऱ्या रांगेत ठेवा, पान पुन्हा उघडायची गरज नाही. ते त्याचं त्यानेच रात्री पुस्तकं वाचून शिकलेलं. कौतुक करणारं कोणी नव्हतं. "चालतंय ना? मग झालं," एवढंच साहेब म्हणत.

दोन हजार आठच्या फेब्रुवारीत फ्लेक्सची तिसरी आवृत्ती आली, आणि जोडीला एअर नावाची नवी गोष्ट. आता तीच स्क्रीन ब्राउझरच्या बाहेर, स्वतःच्या खिडकीत चालणार होती. नेट गेलं तरी बंद पडायची नाही, लिहिलेलं सगळं त्याच कॉम्प्युटरवर साठवून ठेवायची. ज्या अंबडमध्ये नेट कधीही जातं, तिथे हे म्हणजे काय आहे, ते वाल्मीकलाच कळत होतं. त्याला अक्षरशः राहवेना. तो शेजारच्या स्टोअरमध्ये पुंजारामला सांगायला गेला. पुंजारामने सगळं ऐकून घेतलं, "बरं झालं," म्हणाला आणि प्रिंटरचा कागद मागितला.

त्या दिवशी वाल्मीकने ठरवलं की नाशकात ही भाषा कळणारी चार माणसं तरी शोधायचीच. कॉलेज रोडवरच्या वाचनालयाचं वरचं दालन त्याने घेतलं, कॉलेजांच्या फळ्यांवर कागद लावले: 'फ्लेक्स ३ आणि एअर : नवीन काय? ८ मार्च, सकाळी दहा. प्रवेश मोफत.'

आठ तारखेला त्याने तीस खुर्च्या मांडल्या, तीस कचोऱ्या आणल्या, इस्त्रीचा शर्ट घातला. साडेअकरापर्यंत कोणी जिना चढलं नाही. मग झाडू घेऊन शकुबाई आल्या. वाचनालयाची सगळी झाडलोट त्यांच्याकडे असे. त्यांनी एकदा खुर्च्यांकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"साहेब, शनवारी कोन येतंय? पोरं कालेजात, मास्तर कालेजात, हापिसवाले हापिसात. आज मोकळी फक्त तुमी अंबडची मानसं."

वाल्मीक एका खुर्चीत बसला. विजेच्या वाटणीपायी कारखान्यांची सुट्टी वेगवेगळ्या वारी असते; अंबडला ती शनिवारची असते आणि रविवारी भोंगा वाजतो. पंधरा वर्षांत हे त्याच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की बाकीच्या गावाचा रविवार असतो हेच तो विसरला होता. तो मोकळा असे तेव्हा गाव कामाला गेलेलं असायचं, आणि गाव मोकळं व्हायचं तेव्हा तो केबिनमध्ये. लोकांना आपण नको आहोत, असं त्याने मनाशी कधीच धरून टाकलं होतं. त्याला स्वतःची फार कीव आली, आणि पाठोपाठ राग. कचोऱ्या त्याने शकुबाईंच्या पदरात घातल्या.

सोमवारी त्याने रविवारची रजा मागितली, तीस मार्चची. रविवारची रजा त्याने कधी मागितलीच नव्हती. साहेबांनी चष्मा वर केला.

"घरी काही कार्य?"

"पाहुणे येणार आहेत," वाल्मीक म्हणाला.

कॉलेजांच्या फळ्यांवर त्याने नव्या तारखेचे कागद लावले. तीस तारखेला खुर्च्या दहाच मांडल्या. सव्वादहाला एक मुलगी आली, तेजस्विनी गांगुर्डे, पंचवटीची, शेवटच्या वर्षाला. आणखी कोणी आलं नाही. साडेदहापर्यंत वाट पाहून त्याने तिच्या एकटीसाठीच सुरुवात केली. स्क्रीनवरच्या नव्या तक्त्यातल्या रांगा कशा गुंडाळून ठेवतात, एअरची खिडकी कशी उघडते, सगळं. ती वहीत लिहीत होती आणि मध्येच थांबवून असे प्रश्न विचारत होती, की पंधरा वर्षं साठलेली उत्तरं त्याच्या तोंडून भराभरा निघत गेली. जेवणाची वेळ टळून गेली, ते दोघांनाही कळलं नाही.

वही मिटताना ती म्हणाली, "बरं झालं सर, तुम्ही भेटलात. पुण्याला याच कामाची नोकरी लागलीय. परीक्षा झाली की जाणार."

"हो का? छान," वाल्मीक म्हणाला.  परीक्षेनंतर ह्या खुर्चीवर ही नसणार.

दाराशी ती थांबली. "एक राहिलंच. नेट नसताना लिहिलेलं साठून राहतं. मग नेट आलं की ते आपोआप जातं ना?"

"नाही," तो म्हणाला. "नेट आलं एवढं कळतं फक्त. साठलेलं आपल्यालाच पाठवावं लागतं. ते नाही लिहिलं, तर तिथंच पडून राहतं."

तिने पायरीवरच वही उघडून तेवढं टिपून घेतलं आणि गेली.

वाल्मीकने दहा खुर्च्या एकावर एक रचल्या. मग खाली जाऊन त्याने शकुबाईंकडे खडू मागितला आणि वाचनालयाच्या फळ्यावर पुढची तारीख लिहिली. तारखेच्या शेजारी, मोठ्या अक्षरात, रविवार.