सोनिकाचा इंटरकूलर

माझी लेक सोनिका इंजिनिअर आहे, आणि हे मी ग्वाल्हेरभर सांगत फिरते. कुणाला वाटत असेल मी टेंभा मिरवते, तर खुशाल वाटू दे.

आमचा टर्बोचा ट्रक आहे. मे महिन्यात दगड भरून शिवपुरी रोडचा चढ लागला की त्याला धाप लागायची. टर्बो हवा दाबतो, दाबली की ती तापते, तापली की विरळ होते, मग इंजिनात जोर येणार कुठून? हे मला सोनिकानं पोळ्या लाटताना समजावलं. आमचे हे, जयसिंहराव, महाहट्टी. म्हणाले, "या उन्हाळ्यात चढला तर ठीक, नाहीतर विकून टाकतो." अर्धा जन्म त्या ट्रकवर गेलेला. विकला असता तर माणूस खचलाच असता.

सोनिकानं बिर्ला नगरातल्या एका शेडमध्ये इंटरकूलर, म्हणजे ही तापलेली हवा गार करायची सोय, बनवायला घेतली. टर्बोची गरम हवा एका डब्यातून न्यायची, डब्यात पाण्याच्या नळ्या, आणि ते पाणी पंपानं बंपरजवळच्या छोट्या रेडिएटरमध्ये फिरवून गार करायचं. इंजिनाचं पाणी वेगळं. ते आधीच तापलेलं असतं.

पहिल्या फेरीत ट्रक चढावर पुन्हा रडकुंडीला आला. सोनिकानं उतरून डब्याच्या पाण्याच्या नळीला हात लावला तर चटका बसला. पुढे जाऊन बघते, तर नव्या रेडिएटरपुढे बंपरला देवीची चुनरी गच्च बांधलेली. नवी वस्तू म्हणून ह्यांनीच बांधली होती. वारा लागणार कसा?

मी ह्यांच्यावर असली भडकले की विचारू नका. हे म्हणाले, "देवीची चुनरी मी सोडणार नाही." झालं, आता ट्रक जातोय, असंच मी धरून चालले.

सोनिका मात्र हसली. "पापा, चुनरी रहने दो. पाणी तर कुठंही नेता येतं ना, मी रेडिएटरच हलवते." लांब नळ्या टाकून तिनं तो केबिनच्या मागे बसवला आणि त्याला पंखा जोडला.

पुढच्या खेपेला मीही हट्टानं बसले. ऊन नुसतं भाजत होतं. चढ आला तसा ह्यांचा हात सवयीनं गिअरवर गेला. सोनिका म्हणाली, "राहू द्या, पापा." ट्रक त्याच गिअरात माथ्यावर पोचला. मला तर ओरडावंसं वाटलं.

घरी आलो तर ट्रक बघायला गिऱ्हाईक आलेलं. ह्यांनी त्याला चहा पाजला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "विकायचा नाही. हा आता माझ्या मुलीनं बनवलेला ट्रक आहे."