पुईला शिकवायला कोल्हापुरात

गाडी कोल्हापूर स्टेशनात शिरली तेव्हा उजाडलं होतं, पण गाव अजून धुक्यातच होतं. राहुरीहून पुणं आणि पुण्याहून रात्रीची गाडी, त्यामुळे माझेही डोळे अर्धे मिटलेले. फलाटाच्या टोकाला एका निळ्या बॅगेवर बसून एक मुलगी शांतपणे केळं खात होती. ती मिझोरामहून आधी मोटारीनं आणि मग तीन गाड्या बदलून आली होती. मला पाहून ती उठली, वाकून हात जोडले आणि उरलेलं अर्धं केळं माझ्यापुढे धरलं. तिचं नाव लालरिनपुई. सगळे तिला पुई म्हणतात.

आमचं ख्रिस्ती मिशन लहानसं आहे. त्यात सेविका एकटी फिरत नाही, जोडीनं फिरते. नवी मुलगी आली की जुनी जोडीदारीण तिला पहिले तीन महिने शिकवते. दोघींनी एकमेकींच्या नजरेआड किंवा हाकेबाहेर जायचं नाही, हा पहिला नियम. मला या कामात चार वर्षं झाली होती, आणि बोलण्यात माझा हात कुणी धरणार नाही अशी माझी समजूत होती. मिशनचे प्रमुख असलेल्या पाळकसाहेबांचीही तीच होती, म्हणून तर त्यांनी पुईला माझ्याकडे दिलं.

खोली मिळाली ती शुक्रवार पेठेत, जैतूनभाभींच्या माडीवर. खाली त्यांच्या नवऱ्याचं शिवणकामाचं दुकान. पहाटे शिलाई मशीन सुरू व्हायचं आणि खिडकीतून पंचगंगेवरचं धुकं आत यायचं, असं वाटायचं की ते मशीनच धुकं शिवून शिवून बाहेर सोडतंय. पुई त्या खिडकीत तासभर बसून राहायची. तिच्या गावात ढग असेच घरात येतात म्हणे. मी तिला मराठीचा धडा काढायला सांगायची, तेव्हा ती स्वप्नातून उठल्यासारखी माझ्याकडे बघायची.

पहिल्याच संध्याकाळी भाभींनी आम्हाला गंगावेशीत पिटाळलं. "कोल्हापुरात आलासा आनि धारोष्ण दूध पिला न्हाईसा, म्हंजी काय केलंसा?" तिथे कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात आणि दूध तुमच्या डोळ्यांदेखत पेल्यात काढून देतात. पुईकडे दूध फारसं कुणी पीत नाही. तिनं डोळे मिटून पेला तोंडाला लावला. डोळे उघडले तेव्हा नाकापर्यंत फेस होता, आणि गवळी विचारत होता, "पावणं, कुठल्या देशाच्या म्हनायच्या ह्या?"

"मिझोरामच्या," मी सांगितलं.

"त्ये चीनच्या हिकडं का तिकडं?"

"अलीकडे."

"मग आपलीच की! अजून एक पेला घ्या."

हा प्रश्न रोज कुणी ना कुणी विचारायचं, आणि उत्तर दर वेळी मीच द्यायची. आता लिहिताना ते खटकतं. तेव्हा वाटायचं, मी तिला सांभाळतेय.

दिवस एकसारखे आणि सुंदर जात होते. सकाळी वाचन, मग बसनं कुठल्या तरी गावी. आजारी माणसांना भेटायचं, त्यांची औषधं वेळेवर चालू आहेत का बघायचं, कुणी म्हटलं तर प्रार्थना करायची, नको म्हटलं तर चहा पिऊन उठायचं. काही दारांतून "धर्म बदलायला आलासा व्हय?" असं तोंडावर ऐकावं लागे. रविवारी कोडोलीला जायचो. तिथे जुनी ख्रिस्ती घरं आहेत, जेवल्याशिवाय सोडत नाहीत. एकदा येताना बसमध्ये जोतिबाहून आलेले भाविक चढले, डोक्यापासून पायापर्यंत गुलालात न्हालेले. पुईच्या पांढऱ्या स्वेटरची एक बाही गुलाबी झाली. तिनं ती धुतली नाही. बाहेर उसाला तुरे आले होते, गुऱ्हाळांचा गोड धूर रस्त्यावर रेंगाळत होता, आणि ती खिडकीला गाल टेकून हळू आवाजात काहीतरी गुणगुणत होती. मी तिला साक्ष पाठ करायला लावली.

साक्ष म्हणजे आपला देवाचा अनुभव चार वाक्यांत सांगणं. नव्या मुलींना भाषा येत नाही, म्हणून आम्ही ती लिहून देतो आणि घोकून घेतो. पुईची मीच लिहिली होती. "नमस्कार. मी पुई. आज मी फार आनंदात आहे, कारण देव माझ्यावर प्रेम करतो." शेवटी हसायचं, हेही कंसात लिहिलं होतं. एकदा तिनं विचारलं होतं, "ताई, समोरचा माणूस दुःखात असला तर?" मी म्हणाले, "वाक्य बदलायचं नाही. बदललंस की गोंधळशील."

गडमुडशिंगीला आक्काताईंचं घर आमच्या नेहमीच्या वाटेवर होतं. चार म्हशी, थोडा ऊस आणि दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला नवरा. आम्ही त्या आजारी माणसाच्या पायांना तेल लावून द्यायचो. आक्काताई देवापेक्षा पुईच्या केसांबद्दल जास्त विचारायच्या. त्या मंगळवारी आम्ही दारात पोचलो आणि माझा फोन वाजला. पाळकसाहेब होते. ते विचारत होते, "दोन महिने झाले. मुलगी घरात जाऊन बोलते का? नसेल जमत तर तिला शनिवारी परत पाठवू या." तिला नापास केलं तर नापास मीच होणार होते. मी फोनवर हात ठेवला आणि पुईला म्हणाले, "जा, आज तूच सुरुवात कर. मी इथूनच ऐकते."

ओट्यावर माणसं बसली होती, ती मला दिसली होती. पाहुणे आले असतील, असं वाटलं. पुई आत गेली. तिचा स्वच्छ, घोकलेला आवाज माझ्या कानावर आला. "नमस्कार. मी पुई. आज मी फार आनंदात आहे..."

आतून एक पुरुषी आवाज कडाडला, "ए पोरी! घरातलं मानूस गेलंय काल, आनि तुला आनंद झालाय व्हय?"

ते आक्काताईंचे दीर होते. मी धावत आत गेले. सोप्यात बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या, कोपऱ्यात आक्काताईंच्या नवऱ्याच्या रिकाम्या अंथरुणापाशी दिवा होता, आणि मधोमध पुई उभी होती. शिकवल्याप्रमाणे तिच्या तोंडावर हसू होतं, आणि ते कसं पुसायचं तिला कळत नव्हतं. मी तोंडभरून माफी मागितली, भाषेचा दोष सांगितला, मुलगी नवी आहे म्हणाले. चूक माझी आहे, हे वाक्य मात्र माझ्या तोंडून निघालं नाही. आक्काताईंनी मान वर केली नाही.

फोनवरचं पाळकसाहेबांचं बोलणं पुईच्याही कानावर गेलं होतं. खोलीवर आल्यावर तिनं निळी बॅग भरली. रडली नाही. मला ते जास्त लागलं. "शनिवारी मी जाते," ती म्हणाली. "पण त्याआधी त्या घरात जाऊन बसायचंय."

"कशाला? तुला परत ओरडतील."

तेव्हा तिनं पहिल्यांदा मला काही शिकवलं. त्यांच्याकडे माणूस गेला की ते घर खॉहर इन (दुःखाचं घर) होतं. आळीतले लोक दिवसचे दिवस येऊन बसतात. उपदेश कुणी करत नाही. चहा पितात, गातात, त्या घराला एकटं सोडत नाहीत. "मी फक्त बसणार," ती म्हणाली. मी नको म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चपला घालून निघाली. आता तिला एकटीला सोडणं नियमात बसत नव्हतं, त्यामुळे मलाही मागोमाग जावं लागलं. खालून भाभींनी हाक मारली. भाकऱ्यांची चवड आणि झुणका फडक्यात बांधून माझ्या हातात दिला. "मयताच्या घरात चूल पेटत न्हाय. ह्ये ठिवा, आनि त्वांड बंद ठिवा."

बुधवारी दिरांनी आम्हाला पाहिलं. "परत आली व्हय ही?" म्हणाले, पण हाकललं नाही. पुई आक्काताईंच्या शेजारी भिंतीला टेकून बसली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही. मला तो दिवस संपता संपेना. माझ्या जिभेवर सांत्वनाची किती वचनं येऊन उभी होती म्हणून सांगू! गुरुवारी रक्षाविसर्जन झालं. तेव्हाही ती तशीच बसली. माणसं पांगली. बाहेर उसाच्या तुऱ्यांवर तिरपं ऊन आलं होतं, आणि सोप्यात धुरकट, सोनेरी शांतता होती, झोप आणि जाग यांच्यामधली.

आक्काताईच बोलल्या. "तुमच्यात मानूस गेल्यावर काय करत्यात गं?"

"गातात," पुई म्हणाली.

"मग म्हन की."

पुईनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती तिच्या भाषेत गायला लागली, अगदी संथ, डोंगर चढताना माणूस थांबत थांबत चढतो तसं. एकही शब्द मला कळला नाही. ओट्यावर दिरांचं बोलणं थांबलं. आक्काताईंनी तीन दिवस आवरून धरलेलं रडू सुटलं, आणि त्यांनी पुईच्या खांद्यावर डोकं टेकलं. मला राहवेना. मी पुढे सरकून म्हणाले, "आक्काताई, या गाण्याचा अर्थ असा आहे की..."

"तू गप बस गं," आक्काताई म्हणाल्या. "तिला म्हनू दे."

मी गप्प बसले. आधी लाज वाटली, मग पुईचा हेवा वाटला, अगदी खरा, जळजळणारा. आणि मग बराच वेळ काहीच वाटलं नाही, नुसतं गाणं ऐकू येत राहिलं. निघताना मी आक्काताईंना सांगितलं, "त्या दिवशी चूक हिची नव्हती. ती वाक्यं मी लिहिली होती."

"म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "ती असलं बोलत न्हाय."

रात्री पाळकसाहेबांना फोन लावला आणि झालं ते सगळं सांगितलं, माझ्या कागदासकट. ते म्हणाले, "राहायचंय की जायचंय, तिलाच विचार." मी विचारलं. पुईनं बॅग उघडली आणि गुलाबी बाहीचा स्वेटर काढून खुंटीला लावला.

तिसरा महिना संपला. दुसरी सेविका पुईसोबत राहायला आली आणि मी राहुरीला परतले. घरी आई विचारते, कोल्हापूर कसं आहे? मी दुधाचं सांगते, धुक्याचं सांगते, आणि मध्येच थांबते. चार वर्षं मी लोकांच्या घरांत जाऊन बोलले. त्यांतल्या कितीजणांना नुसती सोबत हवी होती, कोण जाणे.

गेल्या आठवड्यात पुईचा फोन आला. दुसऱ्या दिवशी जालन्याहून एक नवी मुलगी येणार होती, आणि या वेळी शिकवणारी पुई होती. ती घाबरली होती.

"ताई, तिला पहिल्या दिवशी कुठे नेऊ?"

"आक्काताईंकडे."

"आणि काय बोलायला सांगू?"

माझी जुनी वही समोरच होती. साक्षीचा नमुना पहिल्याच पानावर होता, शेवटी कंसात हसू. मी वही मिटली.

"काही नाही," मी म्हणाले. "तिला बसायला सांग."