परग्रहवाल्यांनी पाणी तोडलं तेव्हा

परग्रहावरून हल्ला होतो अशी एखादी कादंबरी लिहा, हल्ली मोठी मुलं तेच वाचतात, असं पुण्याच्या प्रकाशकांनी सुचवलं आणि मी हो म्हणून बसले. हल्ला सोलापुरावर करायचं ठरवलं, कारण दुसरं गाव मला नीट ठाऊक नाही.

त्याच उन्हाळ्यात मुलीची बारावी झाली होती. तिला पुढे पुण्यात शिकायचं होतं आणि मला तिला पाठवायचं नव्हतं. कारणं मी रोज नवी देत होते. खरं कारण एवढंच, की मला भीती वाटत होती.

पहिल्या प्रकरणात परग्रहवाल्यांनी शहराचं पाणी तोडलं आणि दुसऱ्याच सकाळी हाहाकार माजला. मुलीने ओट्याला टेकून ते वाचलं आणि ती हसायलाच लागली.

"आई, आपल्याकडं रोज पाणी कुठं येतंय? पाण्याच्या दिवसापर्यंत कुणाला कळणार पण नाही की!"

बरोबर होतं. आमचा नळ चार-पाच दिवसांनी येतो. घरोघरी पिंपं, हंडे, कळशा, तेलाचे रिकामे डबेसुद्धा भरलेले असतात. सगळा जन्म इथे गेला आणि हाहाकार मात्र मी कुठल्याशा परदेशी सिनेमातला उचलला होता. प्रकरण नव्याने लिहिलं. आता परग्रहवाले विजयाची वाट बघत ताटकळतात आणि लोक निवांत भांडी घासतात. ठरल्या दिवशी नळ कोरडा निघतो, तेव्हाही बायका आधी शेजारणीशी भांडायला जातात, तिनेच मोटार लावून पाणी ओढलं असणार म्हणून.

मग लिहिणं रंगलं. नायिका माझ्या मुलीच्याच वयाची. ती आईबरोबर घरात दडून राहते. पिंपांतलं पाणी दोघी पुरवून पितात; कडक भाकरी आणि शेंगाची चटणी कितीही दिवस टिकते, त्यामुळे उपासमार नाही. आई आतून कडी घालते ती शेवटपर्यंत काढत नाही. दोघी वाचतात. मला हा शेवट फार आवडला होता.

मुलीने तोही वाचला. या वेळी हसली नाही.

"लई भारी झालंय. पण ती बाहेर कधी जाते?"

"बाहेर ते आहेत. जीव वाचला, हे काय कमी आहे?"

"जन्मभर चटणी-भाकरी खात आत बसायचं, ह्याला वाचणं म्हणतात व्हय?"

मला राग आला. तुला कादंबरीतलं काय कळतं, असं काहीतरी बोलले. काही दिवस आम्ही कामापुरतंच बोललो. मग एका दुपारी मीच तिला म्हटलं, होस्टेलची चौकशी कर.

तिला एसटीत बसवून घरी आले, शेवटचं प्रकरण काढलं आणि त्या आईला कडी उघडायला लावली. मुलगी पाठीला सॅक लावून पुणे नाक्यापर्यंत पोचते, तिथे कादंबरी संपते.

प्रकाशकांना ती आवडली. फोनवर त्यांनी एकच विचारलं, "आईचं पुढे काय होतं?"

"पुस्तक मुलांसाठी आहे," मी म्हटलं. "त्यांना ते विचारायचं सुचणार नाही."