देवी गार झाली

आमच्या पेडगावात कुणाच्या लेकराच्या अंगावर पुरळ उठलं की डॉक्टरच्या आधी बायनाकाकूला बोलावणं जातं. काकू येते, लेकराला उजेडात आणते, हातपाय उलटेपालटे करून बघते आणि निकाल देते. घामोळं असेल तर हसते. देवी असेल तर मात्र डोक्यावरचा पदर सारखा करून आधी लेकराच्याच पाया पडते. मग त्या घरात फोडणी बंद, दाराला लिंबाचा डहाळा आणि रोज सकाळी वेशीजवळच्या शितळामायवर तांब्याभर गार पाणी. देवी अंगात असेपर्यंत औषध नाही, सुई तर नाहीच. सुई टोचली की देवी रागावते आणि लेकराला घेऊन जाते, असं काकू सांगायची.

मी तिचा शेजारी, परमेश्वर. आमची भिंतीला भिंत लागून घरं. पेडगाव ते परभणी काळीपिवळी चालवतो आणि तोंडाने जरा फटकळ आहे. "काकू, तू डॉक्टरकी कुटं शिकलीस?" म्हणून मी तिला नेहमी चिडवायचो. ती म्हणायची, "तुला गोवर आल्ता तवा मीच वाचवलं, मुडद्या." मला तिचा कधी राग आला नाही. दुसऱ्याचं लेकरू आजारी पडलं तरी हिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. असं माणूस आजकाल मिळतं कुठे?

यंदा पावसाळा सरता सरता गावात तापाची साथ आली. आरोग्य केंद्राच्या बाया दारोदार फिरून टाक्या कोरड्या करा, डास त्यातच होतात, म्हणून सांगत होत्या. त्यांचं खरं होतं. पण नळाला आठवड्याने पाणी येणाऱ्या गावात भरलेली टाकी कोण उपडी करणार? आम्ही सगळे माना डोलावत होतो आणि टाक्या तशाच ठेवत होतो.

त्यात काकूची नात तापली. राजनंदिनी, आठ वर्षांची, दिवसभर गल्लीत लंगडी खेळणारी पोर. डोकं दुखतंय, डोळ्यांच्या मागे दुखतंय म्हणून रडायला लागली. तिचा बाप भुजंग मानवतच्या मोंढ्यात धान्याच्या पोत्यांची हमाली करतो, आठवड्याने घरी येतो. घरात काकू आणि सून शिवकन्या, दोघीच. गावातल्या डॉक्टरने तापाची गोळी दिली आणि परभणीला जाऊन रक्त तपासा म्हणून बजावलं. मी गाडी काढायला तयार होतो. पण निघायच्या सकाळीच ताप उतरला आणि पोरीच्या दंडावर, मांड्यांवर लाल पुरळ उठलं.

काकूने तिला उजेडात आणलं, बघितलं आणि खाली बसून तिच्या पायांवर डोकं ठेवलं. माझी गाडी रिकामीच स्टँडवर गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवायला घरी आलो, तर काकू दारात उभी. चेहरा खुललेला. "परमेसर, देवी गार झाली रं! माज्या पाण्याला पावली. ये, बग, पोरगी कशी गारगार पडलीय."

मी चप्पल बाहेर काढून आत गेलो. राजनंदिनी भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी पायाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. पाय माठासारखे गार होते, आणि ओले. कपाळावर घाम. ओठांचा रंग उडालेला. मी हाक मारली तर डोळे उघडले, पण माझ्याकडे बघितलंच नाही. "पोट दुखायलंय," एवढंच म्हणाली. मी काही डॉक्टर नाही, पण जित्या माणसाचं अंग असं लागत नाही, एवढं कुणालाही कळतं.

"सकाळपासून ओकायलीय," शिवकन्या हळूच म्हणाली. तिने पोरीचा ओठ बोटाने वर केला. हिरड्यांतून रक्त येत होतं.

"काकू, मी गाडी काढतो."

काकूचा चेहरा एकदम उतरला. ती धावत जाऊन उंबऱ्यात बसली, दोन्ही हात चौकटीला लावून. "न्हाई! सुई टोचतेल तिथं. आता कुटं देवी शांत झाली हाय. माज्या रामाला अशीच सुई टोचली अन् घंट्याभरात गेलं माजं सोन्यासारखं लेकरू. भुजंगाच्या आधीचा. पुन्यांदा न्हाई, परमेसर. तुज्या पाया पडते."

रामाचं मी ऐकून होतो, पण तिच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. मला तिची दया आली आणि संतापही आला. हिला ओढून बाजूला करावं तर कसं करावं? आईसारखी बाई.

शिवकन्या, जी सासूपुढे कधी मोठ्याने बोलली नव्हती, तिने पोरीला खांद्यावर घेतलं. "आत्याबाई, मला बी देवीचं लय भ्या वाटतंय," ती म्हणाली, "पन हिच्या गार हाताचं त्याच्याहून जास्त वाटायलंय. सरका." आणि काकूच्या हातावरून पाय टाकून ती बाहेर पडली.

काकू गाडीमागे धावली. मी थांबलो तेव्हा आत चढली आणि पोरीचे पाय मांडीवर घेऊन बसली. परभणी येईपर्यंत तिचं एकच चाललं होतं, "राग माज्यावर काढ माय, लेकराला सोड." गाडी किती जोरात पळवली ते मला आठवत नाही. मागून पोरीचं कण्हणं ऐकू येत होतं तोवर बरं वाटत होतं. ते थांबलं की शिवकन्या ओरडायची, "नंदे, बोल ना गं!"

दवाखान्यात पोरीची शीर सापडेना. सुई इकडे टोच, तिकडे टोच. प्रत्येक वेळी काकू डोळे मिटायची आणि पदर तोंडात कोंबायची. शेवटी सलाईन लागलं. रक्ताचा रिपोर्ट आला, डेंगी. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, "ताप उतरला म्हणजे बरं झालं असं नसतं. खरा धोका तेव्हाच असतो. शिरांमधून पाणी पाझरतं, रक्त कमी पडतं. आजची रात्र काही सांगता येत नाही."

काकू पुढे सरकली. "अन् मंग ती गार कशानं पडल्ती, बाई?"

"रक्त हातापायापर्यंत पोचत नव्हतं, आजी. अंग असं गार पडलं की एक मिनिट थांबायचं नसतं."

काकू मागे सरकली. भिंतीला टेकून बसली ती बसलीच. पुढचे दोन-तीन दिवस आम्ही जीव मुठीत धरून काढले. भुजंग मानवतहून आला. नर्स लघवी झाली का विचारायची, झाली नाही म्हटलं की आमचे चेहरे पडायचे. काकू पाणीसुद्धा घेत नव्हती. मला वाटलं, देवीच्या भीतीने.

मग एका सकाळी पोरीला लघवी झाली, बीपी सावरला, तिने खायला मागितलं. डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसल्या. शिवकन्या नवऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी काकूजवळ गेलो आणि म्हणालो, "काकू, आता तरी हस की. वाचली तुजी नात. एवढ्या सुया टोचल्या, कुटं काय झालं?"

तिने माझा हात धरला. तिचाच हात गार लागत होता.

"परमेसर, माजा राम बी असाच गार पडल्ता. सकाळीच. सुई तर दुपारी टोचली."

ती माझ्याकडे बघत नव्हती.

"तवा मी गल्लीत साखर वाटली रं, देवी गार झाली म्हून."