सुभेदाराची चाल

सास्तूरच्या बलभीमनं आयुष्यात दोनच कामं मन लावून केली. एक लग्नाचं शूटिंग, दुसरं लोकांना हसवणं. पहिल्यावर घर चालायचं. दुसऱ्यावर बायको मंजुषा चिडायची, कारण हा गडी मोबाइल समोर लावून शेणाच्या ढिगात पडून दाखवायचा आणि ते कपडे तिला धुवावे लागायचे.

२०२५ च्या मे महिन्यात सीमेवर लढाई पेटली. गावात ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल, तोंडात विमानं आणि ड्रोन. बलभीमनं ठरवलं, आपण शत्रूची टर उडवायची. त्यानं सीमेपलीकडचा एक अधिकारी उभा केला आणि त्याचं नाव ठेवलं सुभेदार धूमठोक. डोक्यावर अॅल्युमिनियमचं पातेलं, पाठीवर फवारणीचा पंप, तेच त्याचं रॉकेट. दीड-दोन मिनिटांच्या फिल्लममध्ये सुभेदार हल्ला करायला निघायचा आणि म्हैस हंबरली की हात वर करायचा.

पहिली फिल्लम पडली. दोनशे लोकांनी पाहिली, त्यातले निम्मे पाहुणे. बलभीमला चूक कळली होती. सुभेदार पळत होता खरा, पण बलभीमसारखाच पळत होता. त्याला स्वतःची अशी चाल पाहिजे होती.

दुसऱ्या दिवशी गोठ्यामागं शूटिंग करताना ती चाल आपसूक अंगात आली. उजवा पाय गुडघ्यात न वाकवता बाहेरून अर्धगोल फिरवायचा, हात मांडीवर दाबून धरायचा, तीन पावलं झाली की थांबून कंबर सरळ करायची आणि पुन्हा निघायचं. केरसुणी घेऊन सुभेदाराला पिटाळणाऱ्या म्हातारीचं काम त्याची चुलती गजराबाई करत होती. ती मध्येच थांबली.

"आरं बलभीम, ही तर शरणप्पाची चाल."

बलभीम हसला. "काकी, मोबाइलवर बघणाऱ्याला काय ठावं कोण शरणप्पा? मार तू केरसुणी."

गजराबाईही हसली आणि तिनं मारली.

शरणप्पा म्हणजे शरणबसप्पा, त्यांची गावात पिठाची गिरणी. त्र्याण्णवच्या भूकंपात घराची तुळई मांडीवर पडली आणि दुपारपर्यंत ते त्याच जागी अडकून होते. पाय वाचला, पण वाकायचा राहिला. भूकंपानंतर वसवलेल्या या गावाचे रस्ते फूटपट्टीनं आखल्यासारखे सरळ आहेत. सकाळी शरणप्पा घरातून निघाले की पार गिरणीपर्यंत दिसायचे. भूकंपाच्या वेळी बलभीम सहा वर्षांचा होता. बत्तीस वर्षं त्यानं ती चाल रोज पाहिली होती.

ही फिल्लम चार दिवसांत चार लाख लोकांनी पाहिली. तोवर लढाई थांबलीही. सुभेदार मात्र थांबला नाही. तो कणगीत लपला, उकिरड्यात पडला, गाढवावर उलटा बसून माघारी गेला. लोहाऱ्यात, उमरग्यात बलभीम शूटिंगला गेला की वऱ्हाडी कॅमेरा खाली ठेवायला लावायचे, "एकदा चालून दाखवा!" तो दाखवायचा. नवरदेवसुद्धा बाशिंग धरून हसायचा.

जूनच्या सुरुवातीला मंजुषा दळणाचा डबा घेऊन गेली आणि तसाच परत घेऊन आली.

"गिरणी बंद हाय. आठ दिस झाले म्हणं."

"अप्पांची तब्येत बिघडली का?"

मंजुषानं डबा खाली ठेवला. "स्टँडवर कुणीतरी त्यांना हाक मारली, काय सुभेदार, आज कुठवर माघार? समदे हसले. त्यांना काय ठावं न्हवतं, तेबी हसले. मग घरी जाऊन पोरीला इचारलं. शिवलीलानं मोबाइलवर दाखवलं. तवापासनं बाहेर आले न्हाईत."

"म्या काय त्यांची टिंगल केली व्हय?" बलभीमचा आवाज चढला. "म्या शत्रूची केली."

"शत्रूला तुम्ही कवा चालताना बघितलंय?"

ही चाल त्यांची आहे हे मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायला बलभीमनं तोंड उघडलं, तेवढ्यात त्याची नजर ओट्यावर बसलेल्या गजराबाईकडं गेली. ती खाली बघत शेंगा फोडत होती. त्यानं खाली ठेवलेला डबा उचलून आत नेला.

त्यानं त्याच दुपारी सगळ्या फिल्लम काढून टाकल्या. त्याचा उपयोग नव्हता. दुसऱ्यांनी कधीच उचलून आपापल्या नावानं टाकल्या होत्या, काहींनी वर गाणी लावली होती. एका ठिकाणी नुसती चालच कापून घेतली होती, तीच दहा दहा वेळा.

दोन दिवस त्यानं शरणप्पांच्या घरावरून नुसत्या चकरा मारल्या. तिसऱ्या दिवशी आत गेला. शरणप्पा पलंगावर पाय लांब करून बसले होते. शिवलीलानं त्याला पाहिलं आणि ती आत निघून गेली.

"अप्पा, चुकलं माझं," बलभीम उभ्यानंच म्हणाला.

"बस."

तो खाली बसला.

"फिल्लम चांगली होती की रं," शरणप्पा म्हणाले. "तू शेणात पडलास तवा म्याबी हसलो. लई हसलो. मग बघितलं तर शिवलीला हसंना. तिच्याकडं बघून मला कळलं, ह्यो मीच हाय म्हणून. आपण चालताना कसं दिसतो ते माणसाला कुठं ठावं असतंय?"

बलभीमनं मान खाली घातली.

"तुला ठावं होतं का?"

वाटेत त्यानं तीन-चार उत्तरं जुळवली होती. ती सगळी त्यानं सोडून दिली. "व्हय," तो म्हणाला. "ठावं होतं."

शरणप्पांनी लांब केलेल्या पायावर धोतर ओढून घेतलं.

"अप्पा, म्या समद्यांसमोर माफी मागतो. व्हिडिओ करून टाकतो."

"खुळा हायेस का?" शरणप्पांचा आवाज पहिल्यांदा चढला. "आज सास्तूरला ठावं हाय. तू माझं नाव घिऊन माफी मागितलीस की चार लाखांना कळंल. काय करू नगंस. तू आता कायबी करू नगंस." मग त्यांनी आत आवाज दिला, "शिवलीला, ह्याला चहा टाक."

चहा आला. बलभीमनं तो कसा प्यायला हे त्याला आजही सांगता येत नाही. शिव्या खायच्या तयारीनं गेलेला माणूस साखर जास्त पडलेला चहा पिऊन परत आला. त्या दिवसापासून त्यानं हसवण्याचं काम सोडलं.

पंधरा ऑगस्टला बेंबळीकडच्या एका शाळेत शूटिंगचं काम होतं. झेंडावंदन झालं, भाषणं झाली आणि मुलांचे कार्यक्रम सुरू झाले. सातवीतली एक मुलगी डोक्यावर पातेलं घालून आली. तिनं पाय बाहेरून फिरवला, हात मांडीवर दाबला, तीन पावलं टाकली, थांबली, कंबर सरळ केली. एकही गोष्ट चुकली नाही. तिनं शरणप्पांना जन्मात पाहिलं नव्हतं. मैदान हसून लोळत होतं. बलभीमला डोळे मिटायचे होते, पण कॅमेरा त्याच्याच हातात होता. त्यानं सगळं शेवटपर्यंत टिपलं. नंतर एडिटिंग करताना तो भाग कापावा असंही त्याला वाटलं. मग पुढच्या रांगेत टाळ्या वाजवणारे त्या पोरीचे आईबाप आठवले, आणि त्यानं तो तसाच ठेवला.

गिरणी जुलैतच उघडली होती. शरणप्पा आता शिवलीलाच्या स्कूटीवर मागं बसून येतात आणि थेट दारात उतरतात. मंजुषा म्हणते, आता दळण तुम्हीच न्यायचं. बलभीम नेतो. गिरणीच्या आवाजात तसंही बोलता येत नाही. शरणप्पा डबा उघडून ज्वारी हातात घेऊन बघतात, "बारीक का जाड?" विचारतात, आणि तो म्हणतो, "बारीक."