रुक्मिणीचं मोठं कार्ड

गोव्यातल्या पाळी गावच्या रुक्मिणी गवसचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं अख्खा गाव म्हणतो. म्हणेना का. तो राग तिथे कुणी नेऊन बसवला हे मात्र कुणी विचारत नाही, म्हणून हे सांगावं लागतं.

बाप दोडामार्गाकडून खाणीवर हमालीला आलेला. पोरीने आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनचा कोर्स केला आणि त्याच खाणीच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर नकाशे काढायला बसली. खाण बंद पडली, ऑफिसातलं सामान विकायला निघालं, तेव्हा तिने आपला रोजचा लॅपटॉप मागून घेतला. "त्या धोंड्याचं काय करणार?" साहेबाने विचारलं. धोंडाच होता तो, एका हाताने उचलवत नसे. पण त्याच्या पोटात दोन ग्राफिक्स कार्डं होती. लहान कार्ड साध्या कामाचं, वीज कमी खाणारं. मोठं कार्ड डोंगर उभा-आडवा फिरवून दाखवणारं, आणि ते जागं झालं की लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा घरघरायचा. हलकं काम असेल तर लहान, जड असेल तर मोठं, अशी अदलाबदल करायची सोय होती.

या धोंड्यावर ती नाटकांचे देखावे करायला लागली. काल्याच्या जत्रेला नाटक होत नाही असा गाव डिचोलीकडे शोधून सापडायचा नाही. हल्ली रंगवलेले पडदे गेले, मागे भलामोठा एलईडी स्क्रीन लागतो. स्क्रीन म्हापशाहून येतो, आणि त्यासोबत तयार राजवाडे, कारंजी आणि पाण्यात पोहणारे हंसही येतात. नाटक पौराणिक असो की ऐतिहासिक, हंस तेच. रुक्मिणीला त्या हंसांचा मनस्वी संताप.

पहिल्याच वर्षी तिची फजिती झाली. लॅपटॉपवरचं विंडोज कुणाच्या तरी मेहेरबानीने चोरून घातलेलं. राजा भर दरबारात गर्जतो आहे आणि सिंहासनाच्या उजव्या अंगाला अक्षरं उमटली, विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करा. लोक पोट धरधरून हसले. त्या रागात तिने विंडोज पुसलं आणि लिनक्स घातलं. फुकटचं, पण उजळ माथ्याने वापरायचं.

लिनक्सला मात्र दोन कार्डांचा संसार झेपेना. मोठं कार्ड लावावं तर पडदा काळा, लहान लावावं तर डोंगर हलेना. इंटरनेटवर विचारलं तर कुठल्याशा उंटावरच्या शहाण्याने उत्तर दिलं, आधी वाचून ये. रुक्मिणीने त्याला मालवणीत चार शब्द सुनावले आणि तिला तिथून हाकलण्यात आलं. मग कसला ड्रायव्हर कुठे बसतो, मशीन सुरू होतानाचं सुरक्षेचं कुलूप कसं काढायचं, हे ती मासळी कापता कापता एकटीने शिकली. कितीदा रडली ते तिला विचारू नका. शेवटी एक हुकूम टाइप करायचा, पासवर्ड द्यायचा, मशीन बंद करून चालू करायचं, की कार्ड बदलतं, इथवर ती पोचली. तेवढं तिने नवऱ्यालाही शिकवलं.

यंदाचं नाटक पौराणिक, दुसरा अंक वनवासातला. त्यासाठी तिने गवळदेवाचा डोंगर उभा केला. हा डोंगर आता नाही. त्याच्या जागी खाणीचा खड्डा आहे, त्यात हिरवं पाणी आहे. पण डोंगर कापण्याआधीच्या त्याच्या उंचीच्या रेषा तिने ऑफिसात इतक्या वेळा काढल्या होत्या की तिला त्या पाठ होत्या. त्या रेषांवरून तिने तो चढ, ती घळ, माथ्यावरचं गवत असं सगळं पुन्हा रचलं. ज्यांनी तो डोंगर पाहिला होता त्यांना तो काल्याला पुन्हा दिसावा, एवढंच तिला हवं होतं. दुसरं काही नको होतं.

नाटक मंडळाचा अध्यक्ष भिकाजी. प्रॉम्प्टरही तोच. आपल्याकडची नटमंडळी प्रॉम्प्टरच्या जिवावर उभी असतात. विंगेतून वाक्य आलं की पुढे बोलायचं, नाही आलं की मिशा पिळत उभं राहायचं. रुक्मिणीचा लॅपटॉप त्याच विंगेत, कारण स्क्रीनची तार तेवढीच लांब. तालमीत भिकाजी कुरकुरायचा. "वयनी, ह्या पंख्याच्या आवाजात माजा प्रॉम्प्टिंग कोणाक आयकाक येवचा?"

"मगे पाठ करूक सांगा तेंका," रुक्मिणी म्हणायची. "घोडे झाले सगळे."

भिकाजीला ते झोंबलं. "आयक तर," तो म्हणाला, "रंगीत तालमीक तुजा चल्ला तर काल्याक तुजो डोंगर. नाय चल्ला तर निहारचे हंस." निहार म्हणजे तो म्हापशाचा स्क्रीनवाला.

रंगीत तालीम देवळाच्या मंडपात, भर दुपारी. निहारने तार आणून दिली, रुक्मिणीने खुपसली. लॅपटॉपवर डोंगर दिसतो आहे आणि मोठा स्क्रीन ठार काळा. तिने तार उलटसुलट केली. दुसरी तार घेतली. रात्रीच्या अपडेटने ड्रायव्हर मोडला असेल म्हणून मशीनला शिव्या घालत तो काढून पुन्हा घातला. घामाने पोलकं भिजलं. नटमंडळी खुर्च्यांवर बसून तिच्याकडे बघत चहा पीत होती. वनवासी राजाच्या जटा लावून तिचा नवरा रघुनाथही त्यांच्यातच उभा होता.

"फुकटच्या वस्तूचा असाच," भिकाजी निहारला म्हणाला, तिला ऐकू जाईल एवढ्या बेताने. "काड तुजो पेनड्राइव्ह."

"हात लावशात तर बघा," रुक्मिणी म्हणाली.

मग तिने जे सगळ्यात आधी विचारायचं ते शेवटी विचारलं. लॅपटॉपवरच्या हुकमांच्या काळ्या खिडकीत टाइप केलं, सध्या कुठलं कार्ड चालू आहे? उत्तर आलं, लहान. आणि या लॅपटॉपला बाहेरच्या स्क्रीनची तार जिथे लागते ती जागा मोठ्या कार्डालाच जोडलेली. मोठं झोपलं की तीही मेली. पण काल तिने स्वतः मोठं लावून ठेवलं होतं. अपडेट फार तर ड्रायव्हर मोडेल, आपण होऊन कार्ड निवडणार नाही. त्याला हुकूम द्यावा लागतो, पासवर्ड लागतो. पासवर्ड दोघांनाच माहीत होता.

तिने मान वर केली. रघुनाथ मंडपाच्या कौलांकडे पाहत होता.

रुक्मिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पंख्याचा आवाज नको म्हणून भिकाजीने सांगितलं असणार आणि याने सकाळी ते निमूट केलं असणार, हे तिला न सांगता कळलं. भिकाजीचं काही नाही, तो परका माणूस. पण हा घरचा. तिला ताराबिरा उपसताना, घामाघूम होताना, गावात हसं होताना याने तासभर उभं राहून पाहिलं, आणि तोंडात मिठाची गुळणी धरली. ज्या मशीनने तिला म्हातारपणी पुन्हा शाळेत बसवलं, त्या मशीनला तिने सगळ्यांदेखत शिव्या घातल्या, त्याही याच्यापायी. तिला वाटलं, तो लॅपटॉप उचलावा आणि याच्या जटांवर घालावा.

तिने लॅपटॉप पुढे ओढला. हुकूम टाइप केला, पासवर्ड ठोकला, मशीन बंद करून चालू केलं. पंखा घरघरायला लागला आणि मोठ्या स्क्रीनवर गवळदेवाचा डोंगर उभा राहिला.

चहाचे कप खाली आले. भिकाजी संहिता हातात घेऊन विंगेतून बाहेर आला आणि स्क्रीनच्या जवळ गेला. "हंयसर आमची गोरवां चरत," तो म्हणाला. "ही घळ. हीच घळ." मग त्याने निहारला पेनड्राइव्ह खिशात ठेवायला सांगितला. काल्याला डोंगर लागणार हे ठरलं. रुक्मिणीचा राग मात्र तसूभर हलला नाही.

दुसरा अंक सुरू झाला. रघुनाथ आला, डोंगराला हात जोडले, पहिलं वाक्य बोलला आणि अडकला. विंगेत भिकाजीचं तोंड उघडझाप करत होतं, पण पंख्यापुढे एक अक्षर पोचत नव्हतं. रघुनाथने बायकोकडे पाहिलं. तिला त्याचा सगळा भाग पाठ होता, आणि तिचा आवाज कुठल्याही पंख्याला भारी. तिने हाताची घडी घातली.

"वयनी, सांग गो तेका," भिकाजी तिच्या कानाशी ओरडला.

ती ढिम्म हलली नाही. रघुनाथ उभा राहिला. घाम त्याच्या दाढीतून गळ्यावर आला.

"ता कार्ड मिया बंद केलंय," तो अखेर म्हणाला. "सकाळी. तिची काय चूक नाय. मशीनाचीय नाय."

भिकाजीने संहितेत डोकं घातलं, जसं काही हे वाक्य तिथे छापलेलं होतं. कुणी हसलं नाही. रुक्मिणीने घडी सोडली आणि खणखणीत आवाजात त्याचं वाक्य दिलं :

"हे गिरिराजा, तुझा एक खडाही मी कधी हलवला नाही. मला आसरा दे."

मंडपाच्या पार टोकापर्यंत ते गेलं. रघुनाथपर्यंतही पोचलं. तो डोंगराकडे वळला. वीस वर्षं त्याने हाच डोंगर ट्रकात भरून जेटीवर ओतला होता, दिवसाला कितीतरी खेपा. त्याचे ओठ हलले, वाक्य बाहेर येईना.

"हे गिरिराजा," रुक्मिणीने चिडून पुन्हा सुरुवात केली, "तुझा एक खडाही मी..."

आणि ती थांबली. खोदायचं कुठून, किती खोल, या रेषा तिनेच काढून दिल्या होत्या. डोंगर समोर उभा होता, पंखा घरघरत होता, आणि आता राग कुणावर काढायचा ते रुक्मिणीला कळेना.